पडायला कारण लागत नाही

मोबाइलमध्ये त्वरण मोजणारी एक चिमुकली चिप असते. फोन आडवा धरला की पडद्यावरचं चित्रही आडवं होतं ते तिच्यामुळे. फायफॉक्ससारखं एखादं मोफत ॲप उतरवून घेतलं, तर ती काय नोंदवते आहे ते आपल्यालाही वाचता येतं. फोन टेबलावर स्वस्थ ठेवला की आकडा दिसतो सुमारे ९.८, दिशा वरची. तोच फोन हातभर उंचीवरून गादीवर सोडला, तर हवेत असतानाच्या त्या क्षणात आकडा शून्याजवळ येतो. चिपच्या लेखी टेबलावरचा निश्चल फोन सतत वर ढकलला जातो आहे आणि खाली पडणाऱ्या फोनवर कसलंच बळ नाही.

शाळेतली समजूत याच्या नेमकी उलट आहे. टेबलावरची वस्तू स्थिर, म्हणजे तिच्यावरची बळं एकमेकांना पुसून टाकतात. पडणारी वस्तू वेग घेते, म्हणजे तिला पृथ्वी ओढते. चिप असं का सांगते हे एखाद्या अभियंत्याला विचारलं, तर तो म्हणेल की उपकरणाची रचनाच तशी आहे, गुरुत्वाकर्षणाचा भाग आपण हिशेबात धरून घ्यायचा. कामापुरतं ते बरोबरच आहे. आइन्स्टाइनचं म्हणणं मात्र असं, की चिप खरं बोलते. पडायला कारण लागत नाही, न पडायला लागतं. व्यापक सापेक्षता सिद्धांताचा गाभा हा एवढा आहे. तो मांडला जाऊन शंभरावर वर्षं झाली, तरी आपल्या सुशिक्षित समजुतीत तो उतरलेला नाही. याचं खापर सहसा त्यातल्या अवघड गणितावर फोडलं जातं. मला वाटतं, खरा दोष एका चित्राचा आहे.

ते चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं: ताणून बसवलेली रबराची चादर, तिच्या मधोमध ठेवलेला जड गोळा, त्याने पडलेला खळगा आणि खळग्याभोवती घरंगळणारी गोटी. सूर्य अवकाशाला वाकवतो आणि पृथ्वी त्या वाकलेल्या अवकाशात फिरते, असं त्यासोबत सांगितलं जातं. ऐकणाऱ्याला समजल्यासारखं वाटतं आणि विषय तिथेच संपतो. पण गोटी खळग्याकडे घरंगळते कशामुळे? चादरीच्या खालून पृथ्वी ओढते म्हणून. ज्याचा उलगडा करायचा तेच आधी गृहीत धरलेलं आहे. हाच खेळ अंतराळ स्थानकात मांडला, तर गोळ्याने खळगाही पडणार नाही आणि गोटीही घरंगळणार नाही.

हा आक्षेप पुष्कळांनी घेतला आहे. दुसरा आक्षेप अधिक मुळावर घाव घालणारा आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. चादर फक्त अवकाश दाखवते. फक्त अवकाशच वाकलेलं असतं, तर फेकलेल्या वस्तूचा मार्ग निव्वळ तिच्या दिशेवर ठरला असता. एकाच बिंदूतून, एकाच दिशेने एक वेगवान चेंडू सोडला आणि एक संथ, तर दोघांनी तीच वाट धरायला हवी होती. क्रिकेट पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे की तसं होत नाही. संथ चेंडू जवळच खाली येतो, वेगवान चेंडू लांब जातो. अवकाशाच्या वाकण्याने चेंडूचं पडणं समजावून सांगता येत नाही, ही गोष्ट तेवढ्यानेच सिद्ध होते. मग वाकलेलं आहे तरी काय?

उत्तराकडे जाण्याआधी आइन्स्टाइन या प्रश्नाशी कसा पोचला ते पाहायला हवं, कारण तो एका योगायोगाच्या वाटेने पोचला. न्यूटनच्या भौतिकशास्त्रात वस्तुमान दोन वेगळी कामं करतं. वस्तू ढकलायला किती जड जाते हे एक, आणि पृथ्वी तिला किती जोराने ओढते हे दुसरं. या दोन राशी सारख्या असाव्यात असा कुठलाही तार्किक आग्रह न्यूटनच्या नियमांत नाही. तरी त्या सारख्या निघतात, म्हणून जड आणि हलकी वस्तू एकदमच पडते. न्यूटनने लंबक वापरून हे तपासलं. पुढे हंगेरीच्या अट्व्हशने फार बारकाईने तपासलं. ऑगस्ट १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचं पीस एकाच वेळी सोडून दाखवलं. अलीकडे फ्रान्सच्या मायक्रोस्कोप उपग्रहाने टायटॅनियम आणि प्लॅटिनम यांच्या पडण्यात शंभर लाख कोटींत एक भाग इतकाही फरक सापडत नाही, असा निष्कर्ष २०२२ साली दिला. असा काटेकोर योगायोग निसर्गात फुकट मिळत नाही. १९०७ साली बर्नच्या पेटंट कचेरीत बसलेल्या आइन्स्टाइनने त्याचा अर्थ लावला: मोकळेपणाने पडणाऱ्या माणसाला स्वतःचं वजन जाणवत नाही. त्याच्यासोबत पडणाऱ्या वस्तू त्याच्या शेजारी तरंगत राहतील, आणि आपण पडतो आहोत की दूर अंतराळात स्थिर आहोत, हे त्याला जवळपासच्या कुठल्याही प्रयोगाने ठरवता येणार नाही. आयुष्यातला सर्वांत आनंदाचा विचार, असं त्याने पुढे याचं वर्णन केलं.

आपल्या वर्तमानपत्रांत अंतराळवीर तरंगताना दिसले की ‘शून्य गुरुत्वाकर्षण’ असं छापून येतं. अंतराळ स्थानकाच्या उंचीवर, सुमारे सव्वाचारशे किलोमीटरांवर, गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के असतं. अंतराळवीर तरंगतात कारण ते आणि त्यांचं यान सारखंच पडत असतं, फक्त आडव्या वेगामुळे पृथ्वीला चुकवत राहतं. ही चूक किरकोळ समजू नये. तरंगणं म्हणजे पडणं हे ज्याला कळलं, त्याने १९०७ पर्यंतची वाट चाललेली आहे.

पण गुरुत्वाकर्षण नुसतं पडणाऱ्याच्या नजरेतून नाहीसं करता येत असेल, तर मग ते उरलंच कुठे? मुंबईत सोडलेला चेंडू आणि न्यू जर्सीत सोडलेला चेंडू दोघेही कुठल्याही बळाशिवाय पडतात असं मानलं, तरी दोघांच्या पडण्याच्या दिशा वेगळ्या आहेत. दोघांना आरपार जाऊ दिलं तर ते पृथ्वीच्या मध्याकडे एकमेकांच्या जवळ येत जातील. प्रत्येकजण आपल्या परीने सरळ चाललेला, तरीही वाटा एकवटतात. सपाट कागदावर हे अशक्य आहे, पृथ्वीगोलावर नेहमीचं. मुंबईहून न्यू जर्सीतल्या नेवार्कला जाणाऱ्या विमानाचा मार्ग भिंतीवरच्या नकाशात उत्तरेकडे उगाच बाक घेतल्यासारखा दिसतो; वैमानिकाने मात्र सुकाणू न वळवता जवळची, म्हणजे गोलावरची सर्वांत सरळ वाट धरलेली असते. बाक नकाशाचा आहे. आइन्स्टाइनला हवं होतं ते असं गणित, आणि ते रीमानने १८५४ साली ग्यॉटिंगेनमधल्या व्याख्यानात मांडून ठेवलेलं होतं. आइन्स्टाइनला ते येत नव्हतं. झ्युरिकमधला त्याचा जुना वर्गमित्र मार्सेल ग्रोसमान याने १९१२ पासून त्याला त्या गणितात उतरवलं. एकट्या प्रतिभावंताच्या कथेत ग्रोसमान नेहमी तळटिपेत जातो, हे बरं नाही.

आता मूळ प्रश्न. वाकलेला असतो तो मुख्यतः काळ.

नीट सांगायचं तर अवकाश आणि काळ मिळून एकच चार मितींची रचना आहे, आणि वस्तुमान-ऊर्जा त्या रचनेला वक्रता देते. पण आपल्या रोजच्या अनुभवातलं गुरुत्वाकर्षण, म्हणजे फळाचं पडणं, पावसाचं कोसळणं, जिना चढताना लागणारा दम, हे जवळजवळ सगळं काळाच्या वाकण्यातून येतं. काळ वाकतो म्हणजे काय? वेगवेगळ्या उंचीवर घड्याळं वेगवेगळ्या गतीने चालतात. खाली हळू, वर जलद. ही बोलण्याची लकब नव्हे, हे मोजलेलं आहे. १९६० साली पाउंड आणि रेब्का यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या एका इमारतीत साडेबावीस मीटरच्या उंचीत हा फरक पकडला. आजची अणुघड्याळं तो मिलिमीटरभर उंचीतही पकडतात. फरक अर्थातच अतिसूक्ष्म आहे: एक मीटर उंचावरचं घड्याळ खालच्या घड्याळाच्या एक सेकंद पुढे जायला सुमारे २९ कोटी वर्षं लागतील. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरांवर, ठेवलेलं घड्याळ समुद्रसपाटीवरच्या घड्याळापेक्षा वर्षाकाठी साडेपाच मायक्रोसेकंदांहून थोडं जास्तच पुढे जाईल. पृथ्वीचा गाभा तिच्या पृष्ठभागापेक्षा सुमारे अडीच वर्षांनी तरुण आहे.

इतक्या क्षुल्लक फरकाने नारळ कसा पडेल, असं कोणालाही वाटेल. इथे प्रकाशाचा वेग कामाला येतो. पाच मीटर उंच फेकलेला चेंडू दोन सेकंदांनी हातात परत येतो. अवकाश आणि काळ एकाच मापाने मोजायचे तर एक सेकंद म्हणजे तीन लाख किलोमीटर. म्हणजे चेंडू काळाच्या दिशेने सहा लाख किलोमीटर गेला आणि तेवढ्या लांबीत त्याची वाट मध्यावर अवघी पाच मीटर फुगली. या बाकाची त्रिज्या काढली तर ती जवळजवळ एक प्रकाशवर्ष येते. बंदुकीच्या गोळीचा हिशेब करा, पावसाच्या थेंबाचा करा, हवेचा अडथळा वगळला तर त्रिज्या तीच येते. अवकाशात पाहिलं तर वेगवान आणि संथ चेंडूंच्या वाटा वेगळ्या होत्या. काळ जमेला धरला की दोन्हींचा बाक एकच निघतो. आपण सगळे काळाच्या दिशेने इतक्या प्रचंड वेगाने चाललेलो आहोत, की तिथली नखभर वक्रताही आपल्याला जमिनीवर आपटायला पुरते.

चेंडू नेमकी तीच वाट का धरतो, याचंही उत्तर सिद्धांत देतो, आणि मला ते सगळ्यात देखणं वाटतं. जिच्यावर कसलंच बळ नाही अशी वस्तू दोन घटनांच्या दरम्यान अशी वाट घेते, की तिच्या स्वतःच्या घड्याळावर जास्तीत जास्त वेळ नोंदला जावा. वर घड्याळ जलद चालतं, तेव्हा वर जाणं फायद्याचं. पण ठरलेल्या वेळात फार वर जाऊन परत यायचं तर वेग वाढवावा लागतो, आणि १९०५ च्या विशिष्ट सापेक्षतेप्रमाणे वेगाने घड्याळ मंदावतं. या दोन्हींतला उत्तम सौदा कोणता, ते गणिताने काढलं की उत्तर येतं शाळेतलाच परवलय. न्यूटनचं बळ या हिशेबात कुठेही आलेलं नाही.

१९११ साली प्रागमध्ये असताना आइन्स्टाइनने निव्वळ घड्याळांच्या या फरकावरून सूर्याजवळून जाणारा ताऱ्याचा प्रकाश किती वळेल ते काढलं. उत्तर खऱ्याच्या निम्मं होतं. ऑगस्ट १९१४ च्या सूर्यग्रहणात ते तपासायला फ्रॉइंडलिख हा जर्मन खगोलशास्त्रज्ञ क्रिमियात गेला, तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं आणि रशियनांनी त्याला अटक केली. निरीक्षण झालं असतं तर आइन्स्टाइन चुकीचा ठरला असता, आणि १९१९ चा जगभरचा जयघोष कदाचित झालाच नसता. नोव्हेंबर १९१५ मध्ये पूर्ण सिद्धांत हाती आल्यावर कळलं की प्रकाशासारख्या सर्वांत वेगवान प्रवाशाच्या बाबतीत अवकाशाची वक्रताही काळाइतकाच हातभार लावते, आणि उत्तर दुप्पट, म्हणजे सुमारे १.७५ विकला (विकला हे अतिसूक्ष्म कोनाचं एकक) होतं. रबराची चादर जे दाखवते त्याचा खरा वाटा कुठे, तर इथे. २९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणात ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनच्या तुकडीने प्रिन्सिपे बेटावरून आणि दुसऱ्या तुकडीने ब्राझीलमधल्या सोब्रालहून घेतलेले फोटो दुपटीच्या बाजूने गेले. सोब्रालच्या एका दुर्बिणीचे अस्पष्ट फोटो निष्कर्षातून वगळले, त्यावरून एडिंग्टनवर पक्षपाताचा आरोप होत आला आहे. पुढे रेडिओ दुर्बिणींनी तोच आकडा कितीतरी पटींनी बारकाईने मोजला, तेव्हा त्या आरोपात आता इतिहासापुरतंच स्वारस्य उरलं आहे.

माझ्या मते सिद्धांताचा खरा कस ग्रहणाच्या आधीच लागला होता, आणि तो बुधावर. बुधाची लंबवर्तुळाकार कक्षा स्वतःच हळूहळू फिरते, शतकाला सुमारे ५७५ विकला. त्यांतल्या ५३२ इतर ग्रहांच्या ओढीने समजतात. उरतात ४३. पूर्ण चंद्र आकाशात जेवढा रुंद दिसतो तेवढा कोन व्हायला या वेगाने ४,३०० वर्षं लागतील. एवढ्याशा उरल्यासुरल्या हिशेबासाठी न्यूटनसारख्याच्या सिद्धांतावर कोण बोट ठेवणार? फ्रान्सच्या लव्हेरिएने ठेवलं नाही. १८४६ साली त्याने युरेनसच्या चालीतल्या विसंगतीवरून एक न दिसलेला ग्रह कागदावर शोधला होता, आणि बर्लिनच्या गालेने सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून शोधून दिला होता. १८५९ साली बुधाची विसंगती दिसली तेव्हा त्याने तीच युक्ती पुन्हा वापरली: सूर्याजवळ आणखी एक ग्रह असणार. त्याला व्हल्कन हे नावही मिळालं. तो पाहिल्याचे दावे झाले. लव्हेरिए १८७७ साली वारला, तोवर त्याची व्हल्कनवरची श्रद्धा ढळली नव्हती. १८ नोव्हेंबर १९१५ रोजी बर्लिनच्या अकादमीपुढे आइन्स्टाइनने ४३ विकलांचा हिशेब मांडला. त्यात कुठलीही किल्ली पिळायची सोय नव्हती. सूर्याचं वस्तुमान आणि बुधाची कक्षा घातली की तो आकडाच बाहेर पडत होता. आनंदाने छातीत धडधड झाली, असं त्याने मित्रांना सांगितलं. आठवड्याने, २५ नोव्हेंबरला, समीकरणांचं अंतिम रूप आलं. व्हल्कन कधीच नव्हता.

आता एक आक्षेप, जो मला खरोखर वजनदार वाटतो. बळ म्हणा की वक्रता म्हणा, आकडे तेच येत असतील तर हा निव्वळ भाषेचा प्रश्न नाही का? स्टीव्हन वाइनबर्गसारख्या पहिल्या प्रतीच्या भौतिकशास्त्रज्ञाने १९७२ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात भूमितीला मुद्दाम दुय्यम स्थान दिलं. त्याच्या दृष्टीने महत्त्वाचं होतं ते समतुल्यतेचं तत्त्व, म्हणजे पडणाऱ्या माणसाचा तो १९०७ चा विचार, आणि मोजता येणारी भाकितं. भूमिती हा त्यांना दिलेला एक पोशाख. गुरुत्वाकर्षणाला इतर बळांसारखंच एक क्षेत्र मानून, कणांच्या भाषेत सुरुवात केली, तरी शेवटी आइन्स्टाइनच्याच समीकरणांशी येऊन पोचता येतं. तेव्हा भूमिती हेच अंतिम सत्य आहे असा हट्ट मी धरणार नाही.

पण आक्षेपाचा दुसरा भाग, म्हणजे आकडे तेच येतात हा, खरा नाही. न्यूटनचं बळ कितीही अंतरावर त्याच क्षणी पोचतं. मधे काही नसताना एक वस्तू दुसरीवर परिणाम करते ही कल्पना स्वतः न्यूटनलाच असह्य होती. १६९३ साली बेंटली या धर्मगुरूला लिहिलेल्या पत्रात त्याने ती साफ झिडकारली आहे. तरी पर्याय त्याच्याकडे नव्हता. आइन्स्टाइनच्या सिद्धांतात सूर्य या क्षणी नाहीसा झाला, तरी पृथ्वीला ते सव्वाआठ मिनिटांनी कळेल. गुरुत्वाकर्षणाला वेग आहे, म्हणून त्याला लहरी आहेत, आणि लहरी ऊर्जा वाहून नेतात. हल्स आणि टेलर यांनी १९७४ साली शोधलेल्या जोड-स्पंदकाची, म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांच्या जोडीची, कक्षा सिद्धांताने सांगितलेल्या गतीनेच आकसते आहे हे दिसून आलं. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या लायगोच्या दोन वेधशाळांनी तर लहर थेटच पकडली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर ३६ आणि २९ सूर्यांच्या वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एक झाली, ६२ सूर्यांचं एक कृष्णविवर उरलं, आणि तीन सूर्यांएवढं वस्तुमान लहरींत विरून गेलं. चार किलोमीटर लांबीच्या भुजेत त्याने पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या काहीशेव्या हिश्शाइतका होता.

इथे एक आपल्या जवळची गोष्ट सांगायला हवी. असला संकेत गोंगाटात पार बुडालेला असतो. तो कसा दिसेल याचे नमुने आधी गणिताने तयार ठेवून मोजमापाशी ताडून पाहावे लागतात. या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रातले संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी होते, आणि तेही १९९० च्या आसपास, जेव्हा लायगोची इमारतही उभी नव्हती. धक्का बसलेलं कृष्णविवर ठरावीक कंप देत शांत होतं, हे बंगळुरूच्या सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० सालीच दाखवलं होतं. भारतात या विषयाची परंपरा त्याहूनही जुनी आहे. आइन्स्टाइनचे मूळ जर्मन निबंध मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांनी इंग्रजीत आणून कोलकाता विद्यापीठातर्फे १९२० साली छापले. बनारसला विष्णू वासुदेव नारळीकर यांच्याकडे शिकलेल्या प्र. चु. वैद्य यांनी १९४३ साली प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या अवकाश-काळाचं उत्तर काढलं, ते आजही त्यांच्याच नावाने वापरात आहे.

रोजच्या व्यवहारात या सगळ्याचा उपयोग काय, असं विचारणारे असतातच. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं उंचीमुळे दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे ७ मागे पडतात. निव्वळ फरक ३८. तेवढ्या वेळात प्रकाश अकरा किलोमीटरांहून अधिक जातो. ही दुरुस्ती घड्याळांत आधीच केलेली असते, म्हणून जेवणाचा डबा दारात येतो. उपयोगाबद्दल याहून अधिक लिहायची मला गरज वाटत नाही.

मग सिद्धांत पूर्ण झाला का? अजिबात नाही. कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांचं १९५५ चं समीकरण आणि त्यावर १९६५ साली पेनरोजने उभारलेला युक्तिवाद सांगतो, की कोसळणाऱ्या वस्तूच्या पोटात ही भूमिती स्वतःच तुटते. पुंजयामिकीशी तिचा मेळ अजून कोणी घातलेला नाही. आयुकातच काम केलेले थानू पद्मनाभन आयुष्याची शेवटची वर्षं एका धाडसी शक्यतेमागे होते: तापमान हा जसा असंख्य रेणूंच्या हालचालींचा एकत्रित परिणाम, तसं गुरुत्वाकर्षणही अधिक मुळातल्या कशाचा तरी एकत्रित परिणाम असेल. २०२१ साली ते गेले. प्रश्न उघडाच आहे.

पण मला अधिक अस्वस्थ करते ती वेगळीच गोष्ट. दीर्घिकांच्या कडेचे तारे दिसणाऱ्या पदार्थाच्या मानाने फारच वेगाने फिरतात. झ्विकीने १९३३ साली दीर्घिकांच्या समूहात अशीच विसंगती पाहिली, व्हेरा रुबिनने सत्तरच्या दशकात ती नाकारता येणार नाही इतकी ठळक केली. बहुमताचं उत्तर असं, की न दिसणारा कृष्ण पदार्थ आहे, आणि तो नेहमीच्या पदार्थाच्या पाचपटींहून अधिक आहे. मिलग्रोमने १९८३ साली म्हटलं, पदार्थ नसेल, नियमच बदलत असेल. युरेनस आणि बुधासमोर लव्हेरिए उभा होता तिथेच आपण पुन्हा उभे आहोत: हा नेपच्यून आहे की व्हल्कन? एकाच माणसाला एकाच युक्तीने एकदा अमर केलं आणि एकदा फसवलं, तेव्हा निव्वळ युक्तिवादाने याचा निकाल लागणार नाही.

मोजमापांनी मात्र थोडी वाट दाखवली आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. गुरुत्वीय लहर पोचली आणि पावणेदोन सेकंदांत गॅमा किरण पोचले. तेरा कोटी वर्षांच्या शर्यतीत एवढाच फरक, म्हणजे दोघांचा वेग एकच. नियम बदलू पाहणाऱ्या अनेक सिद्धांतांनी वेगळा वेग सांगितला होता. ते त्या एका दिवसात बाद झाले. दीर्घिकांच्या समूहांच्या टकरींत गुरुत्वाकर्षणाचं केंद्र दिसणाऱ्या वायूपासून सरकलेलं आढळतं, तेही अदृश्य पदार्थाच्याच बाजूने बोलतं. माझा कौल नेपच्यूनकडे आहे. मात्र दशकानुदशकं जमिनीखालच्या खाणींत बसवलेल्या एकाही उपकरणाला त्या पदार्थाचा कण सापडलेला नाही, आणि म्हणून व्हल्कनवाल्यांना हसण्यात अर्थ नाही. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ हॉईल यांच्यासोबत गुरुत्वाकर्षणाचा पर्यायी सिद्धांत मांडणारे आणि महास्फोटाविरुद्ध शेवटपर्यंत वाद घालणारे जयंत नारळीकर माझ्या मते बरोबर नव्हते, पण बहुमताला पुरावा मागण्याचं काम कोणीतरी करावं लागतं, आणि त्यांनी ते पुण्यात बसून ठामपणे केलं.

पुढचा पुरावा काही अंशी मराठवाड्यातून यायचा आहे. लहर आकाशात नेमकी कुठून आली हे ठरवायला एकमेकांपासून दूर अशा अनेक वेधशाळा लागतात. लायगोची तशीच एक वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. केंद्र सरकारने तिला तत्त्वतः मान्यता दिली ती फेब्रुवारी २०१६ मध्ये, पहिल्या लहरीची बातमी आल्यानंतर आठवड्याभरात. सुमारे २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी मिळाली एप्रिल २०२३ मध्ये. मधे सात वर्षं गेली, आणि २०१७ च्या त्या टकरीचा वेध याच काळात दुसऱ्या देशांनी घेतला. आपले शास्त्रज्ञ त्या शोधांत सहभागी होते. आपली वेधशाळा नव्हती. हिंगोलीच्या लोकप्रतिनिधींनी रस्ते आणि सिंचन यांच्याबरोबर या कामाचाही जाब दरवर्षी मागावा.